कुंताबाईंचा उजवा हात

उर्वशी दुकानात आली की मी आधी तिची नखं बघते, मग तोंड. तोंडावरून काही कळायची सोय नाही. बाई खूश आहे की वैतागली आहे, जेवून आली की उपाशी, त्या चेहऱ्यावर कशाचा पत्ता लागत नाही. नखांवरून निदान आठवडाभर काय कामं झाली एवढं तरी कळतं. टोकं उडालेली असली तर भांडी आणि सारवण, मुळापाशी रंग सुटला असला तर कपडे, आणि चहूबाजूंनी पोपडे आले असले तर बांधीत धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू आहे, दिवसभर चिखलात हात आहेत.

कोंढ्याच्या बाजारओळीत माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी, पावडर आणि नेलपॉलिश. उर्वशी माझं गिऱ्हाईक, आणि खरं सांगायचं तर असं गिऱ्हाईक शत्रूलाही मिळू नये. ही बाई एक बाटली नेते, आठवडाभर लावून बघते आणि मग मोबाइलवर साऱ्या जगाला सांगते की ती घेऊ नका. मागच्या दिवाळीला मी चमकीच्या पॉलिशचा अख्खा डबा नागपूरहून आणला होता. तिने व्हिडिओ टाकला. 'चमकी चांगली आहे, पण भात कालवला तं भातात उतरते.' झालं. गावातल्या एकाही पोरीने त्या डब्याला हात लावला नाही. तो अजून माळ्यावर पडला आहे.

तिचे व्हिडिओ तुम्ही पाहिले नसतील तर सांगते. त्यात तोंड दिसत नाही. खाटेवर जुनी चादर, चादरीवर रंगवलेला हात, आणि वरून तिचा आवाज. आवाजही असा की आकाशवाणीवर धरणातली पाण्याची पातळी सांगतात तसा. 'नमस्कार. आज हा रंग आहे. जांभळा म्हणून विकतेत, लावल्यावर वांग्यासारखा दिसते. ब्रश बारीक. वास डोक्यात जाते. दुसऱ्या दिवशी भांडे घासले, टोक गेलं. चौथ्या दिवशी शेणाच्या गोवऱ्या थापल्या, अर्धा गेला. ज्याइले काम नाही त्याइनं घ्यावा.' एवढंच. ना गाणं, ना 'मैत्रिणींनो'. तरी लाखनीच्या, अर्जुनीच्या, पार बालाघाटकडच्या बायका ते बघतात. शहरातल्या पोरी पॉलिश लावून कॉफीचा कप धरून दाखवतात; कप धरल्याने कोणाचं पॉलिश गेलं आहे का? उर्वशी शेण, राख आणि चिखल लावून दाखवते. आमच्याकडच्या बाईला तेच हवं असतं.

हे खूळ लागलं कसं, ते मला माहीत आहे, कारण पहिली बाटली माझ्याकडचीच. लग्नानंतर काही वर्षांनी तिला मुलगी झाली आणि ती पोर भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आलीच नाही. नवरा घनश्याम हार्वेस्टर चालवतो. धान कापणीच्या दिवसांत मशीन घेऊन छत्तीसगडपासून तेलंगणापर्यंत जातो, घरी असतो तेव्हा झोपतो. वाईट नाही बिचारा, पण बोलणाऱ्यातला नाही. उर्वशी तेव्हा रडली असेल तर मला दिसली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात पिना घ्यायला आली, तेव्हा मी न राहवून विचारलं, 'कसं वाटते व आता?' तर म्हणाली, 'काहीच नाही वाटत, ताई. पायाले मुंग्या येतेत ना, तेवढं बी नाही.' आणि मग काउंटरवरची एक बाटली उचलून तिच्यावरचं वाचलं. सात दिवस टिकते, असं लिहिलं होतं. 'खरंच टिकते?' मी म्हटलं, 'नेऊन पाहा.' तिने नेली, आणि चौथ्या दिवशी रिकामी नखं घेऊन परत आली. 'खोटं लिहून राहिले,' म्हणाली. इतक्या दिवसांत तिला एखाद्या गोष्टीचा राग आल्यासारखं मला पहिल्यांदाच दिसलं. मी दुसरी बाटली पुढे केली. धंदा म्हणून केली, उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

त्यानंतर वर्षभरात तिची सासू कुंताबाई लकव्याने पडली. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द राहिला, 'हव'. आमच्याकडे हो म्हणायला हव म्हणतात. भूक लागली का, हव. नाही लागली का, हव. जीभ बांधलेली, पण डोळे लख्ख. समोरच्याचं सगळं कळतं, हे कोणीही सांगेल. भंडाऱ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, पाय काही यायचा नाही, हात मात्र येऊ शकतो, रोज चोळा, हलवा, कधी बोट हललं तर लगेच कामाला लावा, नाहीतर आखडून जाईल आणि मग परत नाही. उर्वशी रोज तेल लावून तो हात चोळायची. एकेक बोट वाकवायची, सरळ करायची. कंटाळा नाही, उत्साहही नाही. तांदूळ निवडावे तसं.

एक दिवस बोटं चोळता चोळता तिने त्या नखांना रंग लावला. कारण अगदी सरळ होतं. पॉलिश आपोआप किती दिवस टिकतं आणि कामाने किती जातं, हे बघायला बिनकामाचा हात हवा होता, आणि असा हात घरात आयता पडून होता. तिथून व्हिडिओत दोन हात यायला लागले. एक उर्वशीचा, एक कुंताबाईंचा. 'हा कामाचा हात, हा बसलेला हात,' ती सांगायची. बसलेल्या हातावर रंग पंधरा-पंधरा दिवस राहायचा. मग ती पुसायची आणि नवा लावायची.

पण कुंताबाई विधवा. मालक जाऊन दहा-बारा वर्षं झाली. त्याआधी ती माझ्याकडे बांगड्या भरायला यायची, हिरव्या काचेच्या, आणि दोन बांगड्यांसाठी अर्धा तास भाव करायची. भाव कमी झाला की नदी पोहून आल्यासारखी हसायची. मालक गेले त्या दिवशी तिच्या मोठ्या जावेने, धुरपताबाईंनी, अंगणात बसवून तिच्या बांगड्या फोडल्या. रीतच आहे, त्यांनी केली. त्यानंतर कुंताबाई दुकानाची पायरी चढली नाही. रस्त्याने जाताना दुकानाकडे बघायचीसुद्धा नाही.

धुरपताबाई भिंतीपलीकडेच राहतात. मालक जिवंत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि भाऊबंदकीत कुठे काय चालावं न चालावं याचा मक्ता त्यांच्याकडे. त्या दुपारी आल्या, आणि खाटेवर जावेची लाल नखं बघून दारातच थांबल्या.

'हे का करून ठेवलं व? कपाळाले कुंकू नाही अन् नखाले लाल?'

उर्वशी भांडी घासत होती. तिने वरही पाहिलं नाही. त्या सपाट आवाजात म्हणाली, 'थ्या हातात जीव कुठं आहे, मोठीमाय? मेलेल्या हाताले का विधवा अन् का सवाष्ण.'

भांडण करायचं म्हणून म्हणाली नव्हती. युक्ती म्हणूनही नाही. तोंडाला आलं ते बोलली. पण धुरपताबाई विचारात पडल्या. त्यांना वाटलं, आपल्याला रीत विचारली आहे. खाटेपाशी गेल्या, तो हात मनगटाला धरून उचलला आणि सोडला. धप्पकन पडला. 'हव,' म्हणाल्या, 'मेल्या हाताले रीत नाही. पण डाव्या हाताले लावशील तं पाहा.' झाला निकाल. दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीला ठाऊक की कुंताबाईंच्या उजव्या हाताला रंग चालतो, कारण तो मेला आहे. आमच्याकडे असे निकाल कोर्टापेक्षा पक्के असतात, त्यांच्यावर अपीलही नसतं.

हे सगळं कुंताबाईंच्या उशापाशी बोललं गेलं. त्यांना ऐकू येतं, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

दीड-दोन वर्षं असंच चाललं. उर्वशी रंग लावत होती, कुंताबाई पडल्या पडल्या नखांकडे बघायच्या. मी कधी जायचे तर डाव्या हाताने उजव्या हाताची नखं माझ्यासमोर धरायच्या. मी म्हणायचे, 'वा, कुंताबाई, राणी दिसून राहिल्या.' 'हव.' मला गंमत वाटायची, बस.

यंदा रोवणा संपल्यावर उर्वशी दुकानात आली आणि म्हणाली, 'ताई, लवकर न सुकणारी पालिश आहे काय?'

इतकी वर्षं हा धंदा करते आहे. लवकर सुकणारी मागतात, न उडणारी मागतात, नवऱ्याला न दिसणारीही एकीने मागितली होती. न सुकणारी कोणी मागितली नव्हती. 'कायले पाहिजे?' मी विचारलं.

तिने मोबाइल काढला. कोण्या अर्जुनीच्या बाईने व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'ताई, दुसऱ्या हाताची करंगळी हलली का हो? शेवटी पाहा.' उर्वशीने मला शेवटचा भाग दाखवला. तिचा हात बाटलीचं झाकण घ्यायला चादरीवरून बाजूला जातो, आणि तेवढ्यात कुंताबाईंची करंगळी किंचित वर होते आणि परत जागेवर बसते. मी तीनदा लावून पाहिलं.

'व माय! हालली ना!'

'खाट हालली असन,' उर्वशी म्हणाली. 'म्हणून तं पाहाचं आहे. ओली पालिश लावून मी बाहेर जातो. हात हालला तं चादरीले डाग पडन.'

मी सगळ्यात जाड, जुनी, झाकणाला चिकटलेली मरून रंगाची बाटली काढून दिली. ती सुकायला अर्धा दिवस घेते. पैसे घेतले नाहीत. उद्या काय झालं ते सांगायला ये, एवढं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती दळणाचा डबा घेऊन. डबा खाली ठेवला, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, 'चादर कोरी होती.'

मी म्हटलं, 'जाऊ दे व. असं होते.'

'कपाळावर डाग होता,' ती म्हणाली. 'मरून. इथं, भुवईच्या वर. माशी बसली असन. डावा हात मी पाह्यला, कोरा. उजव्याच्या मधल्या बोटाचा रंग फिसकटला होता. अन् हात जसा ठेवला तसाच ठेवलेला.'

म्हणजे ती बाई हात उचलून कपाळापर्यंत नेते, माशी हाकलते आणि परत जिथल्या तिथे ठेवून देते. आणि कोणी आलं की मेलेला. मला आनंद व्हावा की राग यावा, हेच कळेना. उर्वशीला विचारलं, 'तुले काय वाटते?' तिने खांदे उडवले. 'दळण आणाचं आहे,' म्हणाली.

संध्याकाळी मी दुकान लवकर बंद करून तिच्याकडे गेले. कुंताबाई ओसरीत खाटेवर होत्या. मी जवळ बसले. 'कुंताबाई, हात हालते म्हणते उर्वशी. खरं हाय का?' 'हव.' 'का नाही हालत?' 'हव.' तेच. उर्वशीने भाताचा चमचा त्यांच्या उजव्या हातात दिला. बोटांनी तो धरला नाही, चमचा चादरीवर पडला, भात सांडला. परत दिला, परत पडला. उर्वशीने भात गोळा केला आणि चमचा ताटात ठेवला. मी समजावलं, डॉक्टरने काय सांगितलं होतं त्याची आठवण दिली, हात आला तर स्वतःच्या हाताने जेवाल, स्वतःचे केस बांधाल, असं सगळं सांगितलं. कुंताबाई माझ्याकडे बघत होत्या, पण हात चादरीवर चिंधीसारखा पडलेला.

मग उर्वशी म्हणाली, 'हा मरून खराब झाला, पुसतो.' आणि तिने कापसावर रिमूव्हर घेतलं. त्याचा उग्र वास सुटला. कापूस अंगठ्याला लागायच्या आत त्या हाताची मूठ मिटली.

घट्ट मिटली. बोटं आत, नखं तळव्यात लपवलेली. तान्ह्या पोराच्या हातातून काही घ्यायला जावं तशी. उर्वशी कापूस धरून बसून राहिली. मी कुंताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या भिंतीकडे बघत होत्या. ती भिंत धुरपताबाईंची.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रंग पुसून नवा लावतात, हे त्या बाईला इतक्या महिन्यांत पाठ झालं होतं. नेहमीच्या पुसण्याला त्यांनी कधी मूठ मिटली नव्हती. पण आज आम्ही दोघी सारखं हात हालते, हात हालते म्हणत होतो, आणि लगेच कापूस आला. त्यांना वाटलं, झालं, आता हात जिवंत ठरला, आता कायमचा पुसणार. मेल्या हाताला रंग चालतो. जिवंत हात विधवेचा.

मी हे मोठ्याने बोलून दाखवलं. उर्वशीने हातातल्या कापसाकडे पाहिलं. मग म्हणाली, 'थे मीच म्हटलं होतं ना.' आणि कापूस कोपऱ्यात टाकून दिला.

पुढचे आठ-दहा दिवस तिने आपल्या परीने करून पाहिलं. दार लावून घेतलं, सासूला सांगितलं, कोणी पाहत नाही, फक्त मूठ उघडा, मिटा, एवढंच. दार लावलं की कुंताबाई डोळे मिटून घ्यायच्या. धुरपताबाई दिवसातून तीनदा येतात आणि कडी वाजवत नाहीत. मेल्यासारखा पडून राहायचा सराव एकदा मोडला की धुरपताबाईंसमोर हात कधी तरी दगा देईल, हे कुंताबाईंना आम्हा दोघींपेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, 'धुरपताबाईले बोंबलू दे ना, आपण रंग पुसत नाही म्हणाव.' बोलायला माझं काय जातं. बांगड्या माझ्या फुटल्या नव्हत्या.

शेवटी उर्वशीने ठरवलं की हे धुरपताबाईंसमोरच मांडायचं. हात चालतो हे सांगायचं आणि रंग राहील हेही सांगायचं. मला बोलावलं, कारण मी असले की धुरपताबाई थोडं सांभाळून बोलतात. माझ्याकडे त्यांची उधारी असते, असं नका समजू, त्या रोखीने घेतात, फक्त मी उलटून बोलते हे त्यांना माहीत आहे.

मी गेले तेव्हा धुरपताबाई पाटावर बसून सुपारी कातरत होत्या. उर्वशी खाटेच्या पायथ्याशी उभी. कुंताबाईंच्या नखांना त्या दिवशी डाळिंबी रंग होता, ताजा.

'मोठीमाय,' उर्वशी म्हणाली, 'आईचा हात हालते आता. चमचा धरासाठी रोज काम द्या लागते त्याले. अन् रंग मी काढत नाही.'

धुरपताबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. 'हालते?'

'हव.'

'हालत असन तं रंग पुसा लागते. हे का विचाराची गोष्ट आहे? उद्या म्हणशील कुंकू लावतो.'

मी तोंड घातलं. 'मावशी, नखाच्या रंगानं कोणाचं काय जाते? बुढीचा हात येऊन राहिला, थ्याचं पाहा ना.'

'तू दुकान पाह्य तुझं,' धुरपताबाई म्हणाल्या. मग उठल्या, गुडघ्याला हात देत खाटेपाशी गेल्या. 'पाहू दे मले.' त्यांनी जावेचं मनगट धरलं आणि हात उचलला, चांगला कोपराच्या वर, आणि सोडून दिला.

मी मनात म्हणत होते, धरा कुंताबाई, वरच धरा, होऊ दे काय व्हायचं ते.

हात पडला. खाटेच्या लाकडी कडेवर आपटला, मोठ्याने वाजलं. हाड दुखलं असणारच. कुंताबाईंचा चेहरा हललासुद्धा नाही. धुरपताबाईंनी परत उचलला, परत सोडला. परत तसाच आपटला. बोटांचा डाळिंबी रंग लाकडाला घासून एका ठिकाणी उडाला.

'मेलाच आहे,' धुरपताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी दयाही होती, ते खोटं सांगणार नाही. 'तुले भास होते, उर्वशी. पोर गेल्यापासून तुझं ध्यान ठिकाणावर नाही. राहू दे रंग. मेल्या हाताचं का.' आणि सुपारी तोंडात टाकून बाजाराकडे निघून गेल्या.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली. मग उर्वशी ओरडली. मी तिला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. 'तीन वर्सं झाले मी तुमचं हगणं-मुतणं काढून राहिली! घास भरवून राहिली! अन् तुमी हात लपवून राहिल्या! कोण्या रंगासाठी? बाटलीतल्या रंगासाठी?' तिने बाटल्यांची टोपली उचलली, आता आपटते की काय असं वाटलं, पण आपटली नाही. खाली ठेवली. स्वतःही खाली बसली, खाटेला टेकून. आणि मग एकदम तोच जुना सपाट आवाज.

'आई, हात जाईन. डॉक्टरनं सांगतलं होतं. काम नाही दिलं तं आखडते. मंग परत येत नाही.'

'हव,' कुंताबाई म्हणाल्या.

त्यांचा हा एकच शब्द मी हजारदा ऐकला आहे. कधी त्यात काही नसतं. या वेळी त्या सरळ उर्वशीच्या डोळ्यांत बघत होत्या, आणि मला काडीचीही शंका नाही की त्यांना विचारलेलं कळलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं.

उर्वशी खाटेकडे वळली. मग तिने त्यांचा हात मांडीवर घेतला. लाकडावर आपटून मनगटाशी लाल झालं होतं, तिथे चोळलं. कुंताबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ही आतली की बाहेरची हे ठरवल्यासारखं. आणि उर्वशीच्या मांडीवर त्यांची पाची बोटं हळूहळू पसरली, रंगासाठी पसरतात तशी, आपली आपण. उडालेल्या नखाचं बोट सगळ्यांच्या थोडं पुढे. उर्वशीने डाळिंबी बाटली शोधली आणि तेवढं एक नख भरून काढलं.

त्या दिवसापासून व्हिडिओत एकच हात असतो. अर्जुनीच्या त्या बाईने ज्याखाली लिहिलं होतं तो व्हिडिओ उर्वशीने काढून टाकला; कोणी आणखी काही पाहून बोलायला नको. बघणाऱ्या बायका विचारतात, बसलेला हात कुठे गेला, उर्वशी उत्तर देत नाही. बाकी सगळं तसंच. वास कसा, ब्रश कसा, भांड्यांना किती टिकला. मी तिला विचारलं, 'तुले राग येते का अजून?' म्हणाली, 'एक दिवस आला होता, ताई. मंग गेला.' मला येतो. धुरपताबाई दुकानासमोरून गेल्या की येतो, आणि कुंताबाईंवरही येतो, आणि घरी जाऊन भाकरी थापताना कमीही होतो.

हिवाळा लागल्यावर मी एक नवा रंग घेऊन गेले, शेंदरी. उर्वशीने हात मांडीवर घेतला. अंगठा उघडला, मधली तीन बोटं अर्धीमुर्धी उघडली. करंगळी उघडली नाही. कुंताबाई जोर लावत होत्या, कपाळावर शीर दिसत होती, पण ती तळव्याला चिकटलेलीच राहिली. उर्वशीने तेल घेतलं, आपल्या दोन बोटांनी ती हळूच सरळ केली, रंगाचे दोन हात दिले, आणि रंग सुकेपर्यंत धरून ठेवली.